डब्ल्यू. पाइक यांचा सत्कार

टिल्सन, ओहायो
२ मार्च १९९३

ती. व्हर्डामावशीस,

सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आई सांगत होती, तू काठी घेतलीस पण ती दाराआडच उभी असते. मी ठीक. माजी विद्यार्थी कचेरीत मला चार महिने झाले. ठेवायचं की घालवायचं ते जूनमध्ये ठरवतील.

आमच्या रंगकला विद्यापीठाला यंदा तीस वर्षं होतात. एक मेला समारंभ आहे. नृत्याच्या मुलांसाठी बांधलेली नवी इमारत उघडायची, मुलांचं गाणं-वाजवणं, आणि पाच माजी विद्यार्थ्यांचा सत्कार. चार नावं सगळ्यांना माहीत होती. पाचवं मी शोधलं! जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळताना डब्ल्यू. पाइक हे नाव त्रेचाळीस नाटकांत सापडलं. राजा, पाद्री, मोलकरीण, एकदा घोड्याचे मागचे पाय. एवढं काम इथे दुसऱ्या कुणीच केलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या यादीत नाव नाही, पण एकाहत्तरच्या पुरात तळघरातल्या वह्या भिजल्या, त्यात गेलं असेल. कुलगुरू एम्सली एकदम खूश. भाषण त्याच्यावरच करणार आहेत. त्याच्या नावाची पितळी पाटीसुद्धा कोरून आली. फक्त माणूस काही सापडत नाही. तू इथे वीस वर्षं कपडेपट सांभाळलास. पत्ता माहीत असेल तर कळव ना.

माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझी
कोरीन

---

मिल क्रीक
९ मार्च

चि. कोरीन हिस,

अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची बर्निस रडतेस का म्हणून बघायला आली.

अगं बाई, डब्ल्यू. पाइक नावाचा माणूस जन्मालाच आलेला नाही. एखादा नट तापाने आडवा झाला, कुणाचा घसा बसला, की विंगेत जो मोकळा दिसेल त्याला कपडे चढवून आम्ही पुढे ढकलायचो. मग पत्रिकेत चिठ्ठी घालायची, आज ही भूमिका डब्ल्यू. पाइक करतील. बाई असो, बुवा असो, नाव तेच. भूमिका आजाऱ्याची. आपण नुसती जागा भरायची. आणि मीच होतो तो, असं नंतर कधी कुणी बोलायचं नाही. नाव हॉबर्ट सुताराने काढलं. पाइक म्हणजे त्याने त्या रविवारी तळ्यात धरलेला मासा. डब्ल्यू. कशाचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा तुमचा कुलगुरू एका माशावर भाषण करणार आहे. आधी कपडेपटात डोकावून एकाला विचारलं असतंस तर? पण तुमच्या कचेरीतली माणसं कोट घालून कागदं हलवतात, नाटकाच्या मागच्या बाजूला येतंय कोण!

आता घोळ घालत बसू नकोस. उद्या सकाळी जा आणि सांगून मोकळी हो.

खात जा, आणि अक्षर जरा मोठं काढ.

तुझी मावशी
व्हर्डा

---

टिल्सन
१७ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

दोनदा कुलगुरूंच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आमच्या वरिष्ठ बाई म्हणतात, गप्प राहा, त्या दिवशी पाइक आजारी आहेत असं जाहीर करू, कोण विचारायला येतंय. मला ते पटत नाही, पण भीती वाटते गं. त्या त्रेचाळीस वेळा खरोखर कोण कोण होतं ते तरी सांग. नावं हातात असली तर जायला धीर येईल. आणि तू कधी पाइक झाली होतीस का?

हसलीस तरी चालेल, पण रागावू नकोस.

तुझी
कोरीन

---

मिल क्रीक
२० मार्च

चि. कोरीन हिस,

अ. आ. वि. वि.

नावं मिळणार नाहीत. ज्यांनी वीस-वीस वर्षं तोंड मिटून ठेवलं त्यांची नावं मी तुझ्या नोकरीपायी वाटत सुटू? आणि शेवटचा प्रश्न विचारायचा नसतो. तुझ्या त्या वरिष्ठ बाईला म्हणावं, जन्मालाच न आलेल्याला ताप कसा येईल? तू खोट्यात पडू नकोस. नोकरी गेली तर इथे ये. कोंबड्या आहेत, त्या जूनपर्यंत ताटकळत ठेवणार नाहीत.

जा आता.

तुझी मावशी
व्हर्डा

---

टिल्सन
२६ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

सांगितलं. कुलगुरू बराच वेळ पाटी उलटीसुलटी करत बसले. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले, पाचवा सत्कार रद्द करायचा नाही. ते रंगमंचावरून खरं काय ते सांगणार, आणि जो कुणी कधी पाइक झाला असेल त्याने वर येऊन पाटी घ्यावी म्हणणार. कुणी आलं तर चूक गोड होईल. कुणीच आलं नाही तर सहाशे लोकांसमोर त्यांचं हसं होणार, आणि मग माझं ठरवायला जूनपर्यंत थांबायची गरज नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मावशी, तू येशील ना? वर येशील?

वाट बघते.

तुझी
कोरीन

---

मिल क्रीक
३० मार्च

चि. कोरीन हिस,

अ. आ. वि. वि.

येईन. मागे बसेन. वर येणार नाही. रीत ती रीत.

तुझी मावशी
व्हर्डा

---

मिल क्रीक
४ मे

चि. कोरीन हिस,

अ. आ. वि. वि.

काल फोनवर तू एवढी मुसमुसत होतीस की मला अक्षर कळलं नाही. म्हणून मी वर का आले ते लिहून कळवते.

नाचाची इमारत चांगली झाली आहे. जमीन पायाखाली दबते आणि उचलते, मुलांचे गुडघे वाचतील. व्हायोलिनवाली उंच पोरगी छान वाजवते, तिची बाही मात्र खांद्यात ओढत होती, कुणीतरी उसवून द्या. भाषणं लांबली. त्या चार जणांनी आपापल्या आयांचे आभार मानले, ते ठीक.

मग तुमचा एम्सली उठला. चूक झाली, ती अशी झाली, एवढं सरळ बोलला. माणूस बरा वाटला. त्याने हाक दिली आणि कुणी हललं नाही. मला मागून सगळं दिसत होतं. हॉबर्ट स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एक जण क्लीव्हलँडला मोठा वकील झालाय, तो चष्मा पुसत बसला. सात पाइक मोजले मी. एकही उठणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगते, मला त्यांचा अभिमानच वाटला.

पण तू पडद्याशी पांढरीफटक उभी. पाइकची जागा रिकामी, प्रेक्षक ताटकळलेले. वीस वर्षं विंगेत काढली की अशा वेळी पाय विचारत नाहीत. बाजूच्या पायऱ्यांनी चढले. एम्सलीने माइक पुढे केला, तुम्ही कुठली भूमिका केली होती म्हणून. मी सांगितलं, मी कसली भूमिका? ज्यांना बोलावलंत त्यांना आज यायला जमलं नाही, त्यांच्या जागी मी आले.

आधी हॉबर्ट हसला. मग सगळं थिएटर उठलं ते तू पाहिलंसच. पाटी माझ्या हातात देताना एम्सली कानाशी म्हणाला, तुमच्या भाचीला मी कुठे जाऊ देत नाही. मी म्हटलं, ते तिला सांगा.

पायरीशी तुमच्या वार्षिक अंकाचा माणूस वही घेऊन उभा होता. फोटोखाली घालायला नाव विचारत होता. मी त्याला पाटी दाखवली.

उन्हाळ्यात चार दिवस ये, सोबत मिठाई आणू नकोस.

तुझी मावशी
व्हर्डा