गालाच्या हाडातले दात

१२ ऑगस्ट, चंद्रपूर
काल ऑपरेशन झालं. गाल भोपळ्यावानी. बोलता येत नाई म्हणून लिहून राह्यली. वरच्या जबड्यात हाडच उरलं नाई, कवळी घासून घासून गेलं. साधे इम्प्लांट बसवाचे कशात? म्हणून लांब स्क्रू, थेट गालाच्या हाडात. झायगोमॅटिक म्हणतात. डॉक्टरीणबाईनं कागदावर काढून दाखवलं, स्क्रू डोळ्याच्या खालपर्यंत. तरी हो म्हटलं. मार्चमधला नाटकाचा प्रयोग विसरली नाई मी. नाटकातला पोरगा मेला, आईचा विलाप माझा, मी हंबरडा फोडला आन् ढिली कवळी टण्णकन स्टेजवर. सारं मैदान हासलं. पोराचं मढंही हासलं.

१६ ऑगस्ट
दात बसले. वरून स्क्रूनं कसले, आता निघत नाईत. नाक शिंकराचं नाई, कडक खाचं नाई, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं नाव नाई. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. डॉक्टरीण म्हणे, रोज मोठ्यानं वाचा, जीभ शिकते. शिकन तं बरं. दिवाळीनंतर नाटकाचा सीझन.

४ सप्टेंबर, वडसा
जो येते तो, "काढून दाखव ना." शेजारची वच्छला तं बोटं घालाले निघाली. अवो बाई, हे निघत नाई. किती वेळा सांगू? आज दारच लावून घेतलं. तं आता म्हणते घमेंड आली हिले. आली, जाय.

२६ ऑक्टोबर
तालीम. शिट्टी गेली. विलाप एका दमात म्हटला. नामदेवभाऊ, आमचे प्रॉम्प्टर, पुस्तक मिटून ऐकत राह्यले. एवढं बरं वाटलं मले.
मंग कंपनीचे मालक शेषरावभाऊ म्हणे, "कांताबाई, जुनी कवळी हाये ना? घेऊन येजो."
काऊन?
"बुकिंगले गेलो की गाववाले पहिले तेच विचारतात. दात पडणारी बाई हाये ना?"
आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात हे असंच. एका गावाले हासू आलं की पुढच्या गावालेही तेच पाहिजे. पण आईच्या विलापात? कवळी बसन कुठी, दातावर दात?
"तोंडात नको धरू. पदरात लपव. बरोबर टायमाले सोड."
उठून आली. हाडात ड्रिल घेतलं ते काय याच्यासाठी?

८ नोव्हेंबर
उद्या आरमोरीजवळ मंडईच्या जत्रेतला प्रयोग. तिथल्या ओळखीच्या बाईचा फोन. लाऊडस्पीकरची रिक्षा फिरून राह्यली म्हणे, "दात पाडणारी कांता येत आहे." कोनाले विचारून? शेषरावभाऊले फोन लावला, उचलत नाई. बेशरम. कवळी नेणार नाई म्हणजे नाई.

१० नोव्हेंबर, सकाळ
काल रातीचा प्रयोग. विलापाच्या चार ओळी झाल्या नाईत तं समोरून, "दात पाड." मंग सारेच. मढ्याच्या पोटात पुन्हा हासू.
मी थांबली. स्टेजच्या कडेले गेली, तोंड वासलं, गालावर बुक्की मारली. "इथी ठोकले हाये, हाडात. कोन्या मायच्या लालात दम असन तं ये, काढ."
मंग पोराजवळ बसली आन् पहिल्या ओळीपासून विलाप केला. नामदेवभाऊले पुस्तकात जागा सापडेना, मले गरजही पडली नाई. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. माझं रडणं नाटकातलं होतं का खरं, मलेच सांगता येत नाई.
आत आली तं शेषरावभाऊ खूश. "काय केलं कांताबाई. आजच्या गावालेही हेच ठेव. पहिले भांडण, मंग विलाप. ओरडाले आपले दोन पोट्टे बसवतो. बुक्की फक्त जरा जोरात मार."
गाडी दोनले निघते. नामदेवभाऊ दोनदा बोलवून गेले. मी अजून उठली नाई.