शुद्धीवर होतो की नाही, याचा खुलासा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगातला एक पाय सळई घालून जोडलेला आहे, कंबर प्लेटा आणि स्क्रूंच्या भरवशावर आहे, आणि पालथं पडायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. तेव्हा सध्या जेवढी अंगं कामावर आहेत तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे, उरलेला हाडं जुळतील तसतसा पोचता करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला काय म्हणतो? हे विचारताना जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण माझ्याकडची माहिती फार जुनी आहे. खोकला एव्हाना गेलाही असेल, गुडघे कदाचित बदलूनही झाले असतील, आणि मी इथे बसून जुन्याच गुडघ्यांची विचारपूस करतोय. सख्ख्या बहिणीबद्दल माणसाला इतकं कमी माहीत असू नये. वाईट वाटतं.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. मागच्या महिन्यात मी तुला हॉस्पिटलातून फोन केला आणि बरंच काही बोललो. तू ऐकून घेतलंस, आणि दुसऱ्या दिवशी घरी फोन करून तुझ्या भावजयीला एकच गोष्ट विचारलीस, की तो शुद्धीवर होता का? इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकून ती बिचारी गडबडली. म्हणाली, त्यांनाच लिहायला सांगते. मग मी घरी आल्यावर तिने माझ्या पाठीला उशी दिली, हातात पेन दिलं, आणि समोर बसून भाजी निवडायला घेतली. पाकिटात जाण्याआधी हे पत्र ती वाचणार आहे. (हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.) तर मी शुद्धीवर होतो का, याचं उत्तर कॅल्शियममध्ये आहे, आणि कॅल्शियमपर्यंत पोचायचं तर आधी कपाटाखालून जावं लागेल.

कपाट म्हणजे आईचं लोखंडी कपाट, दुसरं कुठलं. आई गेल्यावर तू म्हणालीस, तिने ते मला देईन म्हटलं होतं. मी म्हणालो, माझ्या घरात उभं आहे ते माझं. शेवटी तू किल्ली पदरात बांधून निघून गेलीस आणि कपाट माझ्याकडे राहिलं. अशी वाटणी जगात कोणी केली नसेल. मला उघडता येईना, तुला नेता येईना. कुलूपवाल्याला बोलावलं असतं तर मी हरलो असतो, आणि किल्ली पाठवली असतीस तर तू. आपण दोघंही सुंभ जळाला तरी पीळ न सोडणाऱ्यांतले. इतकी वर्षं ते खोलीत बंद उभं होतं. आत काय आहे देव जाणे. ढकललं की तळाशी काहीतरी घरंगळत जातं, गोल असावं, एवढीच काय ती माहिती. तुझी भावजय रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, पण तू जाताना 'परक्या घरच्या पोरीने माझ्या आईच्या कपाटाला हात लावायचा नाही' असं म्हणाली होतीस, म्हणून फडक्यानेच पुसायची, बोट टेकवायची नाही. (हे मी गमतीने लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर तितकंसं गमतीचं वाटत नाही.)

आता माझा धंदा तुला ठाऊक आहे. लोकांची बिऱ्हाडं हलवणाऱ्या कंपनीत मी मुकादम. नव्या हमालाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवतो, ती ही की जिन्यात कपाटाच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही. वरून दोर, खाली कोणी नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणतो, असं घरी सांगतात. आणि त्या दिवशी सकाळी, कपाटाला गंज चढलाय, रंग देऊन आणू म्हणून मी ते घराबाहेर काढलं. कंपनीची माणसं न घेता, नुसत्या एका टेम्पोवाल्याला मदतीला घेऊन. (घरात कोणी नव्हतं. तुझी भावजय बाजारात गेली होती, आणि तेवढ्यात उरकायची घाई होती.) टेम्पोवाला वर, दोर धरून. मी खाली. वळणावर दोर सुटला. लोक म्हणतात की अशा वेळी सगळं आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं. माझ्या डोळ्यांपुढून कपाट सरकलं. आत ते गोल काहीतरी घरंगळत एका टोकाला गेलं, तेवढं ऐकू आलं, आणि मग कंबर, मांडी आणि पुढचं काही आठवत नाही.

पुढचं सगळं चष्मेवाल्या डॉक्टरबाईंनी मागाहून सांगितलेलं. पोरगेली आहे, पण बोलते अशी की समोरच्याने उभं राहून ऐकावं. (मला ते तेव्हा शक्य नव्हतं.) कमरेचं हाड मोडलं की आतल्या आत रक्त वाहतं म्हणे, आणि माझं इतकं वाहिलं की पिशव्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या. आता गंमत बघ. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध असतं, आणि ते औषध अंगातलं कॅल्शियम धरून बसतं. एखाददुसरी पिशवी असली तर शरीर निभावून नेतं, पण अशा ढिगाने चढवल्या की कॅल्शियम कोसळतं. आणि कॅल्शियम नसलं की रक्त थांबत नाही, हृदयही ताल सोडतं. रक्त थांबत नाही म्हणून आणखी रक्त द्यायचं, त्याने कॅल्शियम आणखी खाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शुद्ध आली तेव्हा माझ्या ओठांभोवती मुंग्या धावत होत्या आणि हाताची बोटं आपोआप चोचीसारखी मिटत होती. मला वाटलं, कपाटाचं दार धरायला बघताहेत. बाईंनी शिरेतून कॅल्शियम सोडलं आणि बोटं उलगडली. मोठ्या जखमांत हाडांकडे सगळे बघतात, म्हणाल्या, आम्हाला भीती वाटत होती ती याची.

यातलं आमच्या माणसांपर्यंत काय पोचलं असेल? कॅल्शियम कमी पडलं, एवढंच. झालं. मेहुणा रोज दुधाची किटली घेऊन हजर. शेजारच्या काकू अंड्यांच्या टरफलांची पूड करून पाण्यात कालवून आणायच्या (चव भिंतीसारखी). कंपनीतले हमाल भेटायला यायचे आणि जाताना प्रत्येक जण हळूच एक गोळी माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवायचा, दुसऱ्याला कळू न देता. प्रत्येकाला वाटे की या माणसाच्या कॅल्शियमची काळजी आपल्याला एकट्यालाच आहे. मी सगळं गिळत होतो. नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही, ताई. आयुष्यात एकदाच ठासून नाही म्हणालो, ते तुला.

त्यात दुसरी गोष्ट अशी की माणूस आठवडेच्या आठवडे आडवा पडला की त्याची हाडंच आपलं कॅल्शियम रक्तात सोडू लागतात. काम नसलेली हाडं रिकामटेकड्या पोरांसारखी, घरातलं नेऊन बाहेर वाटतात. म्हणजे आतून हाडं ओततायत आणि बाहेरून मेहुणा. सुरुवातीला कमी पडून मरायला टेकलो होतो, आता जास्त होऊन. बेताचं म्हणून काही माझ्या नशिबी नाही. तहान इतकी की फुलदाणीकडे बघायचो. पोट ठप्प. आणि डोक्यात धुकं. शेजारच्या खाटेवरच्या नळदुरुस्तीवाल्याला मी आईचं कपाट देऊन टाकलं. झाडूवाल्या मावशींना त्यातले कप्पे सुटे देऊ केले. डॉक्टरबाईंना सांगितलं की तुम्ही खालच्या बाजूला उभ्या राहू नका. आणि एका दुपारी, पायांचा व्यायाम करून घेणाऱ्या मुलीचा फोन मागून घेऊन मी तुला लावला. (नंबर पाठ होता. तो कधी विसरलोच नव्हतो, त्यात कॅल्शियमचा हात नाही.) मला आठवत नाही, पण त्या मुलीने सांगितलं की मी रडत होतो. माझं चुकलं म्हणालो, कपाट तुझं म्हणालो, आमच्याकडे राहायला ये, पुढची खोली तुला देतो म्हणालो. शिवाय छताचा पंखा तुझी आठवण काढतोय, असंही म्हणालो. पंख्याबद्दल मी आजही ठामपणे काही सांगू शकत नाही. तू म्हणे शेवटपर्यंत फोन ठेवला नाहीस.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं आणि सगळा उलगडा झाला. उशीखालून गोळ्या निघाल्या, मेहुण्याला किटलीसकट दारात अडवलं, सलाइन आणि औषध सुरू झालं, आणि बाईंनी मला वॉकरच्या चौकटीला धरून उभं केलं. हाडांना काम दिल्याशिवाय ती ऐकणार नाहीत, म्हणाल्या. आता मी घरी आहे, कॅल्शियम जागेवर आहे, आणि नळदुरुस्तीवाल्याने मोठ्या मनाने कपाट परत केलंय.

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की मी त्या दिवशी शुद्धीवर नव्हतो. जे बोललो ते कॅल्शियमचं बोलणं समज. तू सामान बांधायला घेतलं असशील, किंवा भावोजींशी काही बोलली असशील, तर ते तूर्त राहू दे. इथेही ज्या माणसांना तुझं त्या वेळचं बोलणं लागलं होतं त्यांच्या मनाचा विचार मला करायला हवा. आपलं जे आहे ते आहे तसं चाललंय. तब्येतीला जप. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
ठोंब्या
(हे नाव तूच ठेवलं होतंस. दुसरं कोणी या नावाने हाक मारत नाही, आता तर कोणीच नाही.)

ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. दोनदा वाचलं, आणि पाकीट आणायला खाली गेली आहे.

आणखी ता. क. ती येईपर्यंत घाईने लिहितो. वर रंग द्यायला नेत होतो असं लिहिलंय, ते खोटं आहे. टेम्पोवाल्याला मी तुझ्या घरचा पत्ता दिला होता. कपाट तुझ्याकडे पोचवायचं, दारात उतरवायचं आणि तू दार उघडलंस तर माझं चुकलं म्हणायचं, एवढाच बेत होता. घरी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून एकट्याने खालचं टोक धरलं. त्या सकाळी मला काहीही झालेलं नव्हतं, ताई. अंगातलं सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा पंखा सोडला तर त्या फोनवरचं सगळं खरं समज. फक्त हा शेवटचा मजकूर वाचलास असं इकडे कळू देऊ नकोस.

वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला मीच आहे, हे तुमचे भाऊ विसरले. टेम्पोवाल्याने अपघाताच्याच दिवशी हॉस्पिटलात मला विचारलं होतं, की ज्या ताईंकडे निघालो होतो त्यांना कळवू का. तेव्हापासून मला सगळं माहीत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मीही सांगू शकले असते, पण शुद्धीवर असताना हा माणूस काय लिहितो ते मला बघायचं होतं. तो शेवटचा मजकूर नसता तर मी पत्र टाकलं नसतं. मला त्या वेळी लागलं होतं, हे खरं आहे. पण मला नुसतं विचारलं असतं तर खालचं दुसरं टोक मी धरलं असतं.

कपाट अजून जिन्याच्या वळणावर अडकलेलं आहे. यांच्या कंपनीचे सगळे हमाल येऊन गेले. आतलं सामान काढल्याशिवाय ते हलणार नाही म्हणतात, आणि शेजारी रोज अंग चोरून जातात. तेव्हा लवकर या, आणि येताना किल्ली आणा.