विरजणाची रिकामी वाटी

प्रिय आई,

आज सकाळी ई-मेल आला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने मला निवडलं! वाचल्या वाचल्या सवयीने मोबाईलवर ‘आई’ या नावावर बोट गेलं. उचलला अण्णांनी. तुझा मोबाईल हल्ली तेच वापरतात. ते नुसतं “बोल” म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं, मी नापास झाले! त्यांची समजूत घालता घालता मला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर जाणवलं, की जिला सांगायचं होतं तिला सांगायचं राहूनच गेलंय. म्हणून हे पत्र.

तुला हे प्रांत प्रकरण समजावताना काय धमाल आली होती, आठवतं? “प्रांत म्हंजे तुमच्या संगमनेरचे प्रांतसाहेब का?” असं विचारलं होतंस. मी म्हटलं, अगं, तिकडची राज्यं ती. आपल्याला लागतील ती माणसं तिथलं राज्य स्वतः निवडतं, मुलाखतसुद्धा होते. त्यावर तू म्हणालीस, “म्हंजे बघायचा कार्यक्रम हाय म्हन की!” विलास जेवता जेवता ठसकला होता. जावयाला हसवायची तुला भारी हौस.

तेव्हा आमचा निर्णय होत नव्हता. इथला एजंट म्हणत होता, आधी तिकडच्या कॉलेजात नाव घाला, नोकरीचं मागाहून बघू. विलासचा चुलतभाऊ टोरांटोजवळ असतो. तो म्हणायचा, कॅनडा सरकारच्या गुणांच्या यादीत नंबर लागेपर्यंत थांबा आणि आमच्याकडेच या, इथे गणपतीत ढोलपथकसुद्धा आहे. आणि मॅनिटोबातल्या एका छोट्या गावाला वृद्धाश्रमासाठी माणसं हवी होती. मी इथे नर्स असले तरी तिकडची नर्सिंगची परीक्षा होईपर्यंत मदतनीस म्हणून काम करायचं. पण तिथे आपल्या ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नाही, आणि थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरतो.

मी टोरांटोकडे झुकले होते. तू एवढंच विचारलंस, “यातलं बोलावलंय कुनी?”

“त्या छोट्या गावाने.”

“मग तिकडंच जा. जितं आपली गरज हाय, तितं मानूस लवकर रुळतं.”

सांगून मोकळी झालीस! आणि मला मुंबईपर्यंत सोडायला येणार होतीस, त्याचं काय? विमान जवळून बघायचं होतं ना तुला? आत्ता कुठे सगळं जमत आलं होतं. एवढी कसली घाई केलीस गं?

तुझं बोलणं मी ऐकलं, कारण तू हे सगळं आधी करून दाखवलं होतंस. अण्णांना राहुरीला विद्यापीठाच्या मळ्यात काम लागलं आणि आपण कर्जत सोडून टेम्पोतून निघालो. एकाच जिल्ह्यातलं गाव, पण तुझ्यासाठी परदेशच होता तो. वाटेत तू मांडीवरचा एक डबा कुणाला हात लावू दिला नाहीस. मला वाटलं, दागिने असतील. दागिने कुठले! विरजण होतं, फडक्यात बांधलेलं.

सामान उतरलं, चूल पेटायच्या आत तू वाटी घेतलीस, मला बोटाला धरलंस आणि शेजारच्या रूथबाईंच्या दारात उभी राहिलीस. त्या शाळेत बाई होत्या. त्यांच्या भिंतीवर येशूचं चित्र, कडक इस्त्रीची साडी. मला तर भीतीच वाटली. तू मात्र म्हणालीस, “बाई, चमचाभर इरजान मिळंल का?”

“आई, आपल्याकडं हाय की!” मी ओरडले.

काय चिमटा काढलास दंडाला! घरी आल्यावर म्हणालीस, “येडी का खुळी? असलं तरी मागायचं. आपन मागितलं की त्यास्नी बी उद्या आपल्याकडं मागायला येता येतंय.”

आणि आल्याच की त्या! दुसऱ्या दिवशी तू तीच वाटी शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून त्यांच्याकडे नेलीस. चार दिवसांनी त्या कढीपत्ता मागायला आल्या. पुढे त्यांनीच माझं इंग्रजी पक्कं करून घेतलं आणि नर्सिंगला जा म्हणून अण्णांना पटवलं. तू गेलीस तेव्हा दहा दिवस आपल्या घरी त्यांच्याकडचं जेवण येत होतं. एका चमच्याने केवढं दिलंस गं मला!

मुलाखतीचं तुला सांगायचं राहिलं. मोबाईलच्या पडद्यावर वृद्धाश्रमाच्या बाई होत्या. सगळं विचारून झालं आणि मग त्या म्हणाल्या, “पुष्कळ लोक येतात, कागदपत्रं झाली की मोठ्या शहरात निघून जातात. तुम्ही आमच्या गावात टिकाल कशावरून?” क्लासवाल्यांनी याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. शांत वातावरण, स्वच्छ हवा, वगैरे. आई, ऐन वेळी एक शब्द आठवेना! विलास मोबाईलच्या मागून हातवारे करत होता. मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुझं विरजण सांगितलं. कर्जत सांगितलं, टेम्पो सांगितला, चिमटासुद्धा सांगितला.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आणि शेजारणीकडे नसेलच तर?”

मी म्हटलं, “मग ओळख तर होईल. दुसऱ्या दिवशी मीच दही लावेन आणि तिला नेऊन देईन.”

त्या हसल्या. आठवडाभरात नोकरीचं पत्र आलं आणि त्याच्या जोरावर आजची ही निवड. बघायच्या कार्यक्रमात लेक तुझ्यामुळे पसंत पडली!

पण सगळंच गोड नाही. आत्या तोंडावर म्हणाली, “आपलं म्हातारं सोडून लोकांची म्हातारी सांभाळायला चाललीस व्हय?” तेच माझ्याही मनात टोचत होतं. अण्णा दादा-वहिनीजवळ आहेत, तरी टोचतंच. अण्णाच म्हणाले, “तितं बी कुनाचे तरी आई-बापच हायेत. जाऊ दे तिला.”

त्यांची काळजी करणं मी थोडं कमी केलं, त्याचं कारण सांगते. तू गेलीस त्या दिवसांत घरात दुधाला विरजण कुणी लावलंच नाही. तुझं विरजण संपलं. कधी कुणाकडे काही मागायला न गेलेले आपले अण्णा वाटी घेऊन रूथबाईंच्या दारात गेले. बाई म्हणाल्या, “भाऊ, हे तुमच्याच घरचं. इतकी वर्षं इकडून तिकडे जातंय.” तेव्हापासून रोज अण्णाच दूध कोमट करतात, अण्णाच विरजण लावतात. वहिनीला हात लावू देत नाहीत! दह्याची कवडी अगदी तुझ्यासारखी पडते. परवा मी खाल्लं आणि ताटावरून उठून बाहेर अंगणात गेले.

आता कामाचा परवाना, व्हिसा, मग निघायचं. तुझं विरजण नेता आलं असतं तर मीही मांडीवर घेऊन बसले असते. पण दुधाचं काही विमानातून तिकडे न्यायला अडचण असते म्हणतात. म्हणून तुझी ती काठ चेपलेली स्टीलची वाटी घेतली आहे, रिकामी.

तुला शब्द देते. पोचलो त्या संध्याकाळी बॅगा उघडायच्या आत आमच्या छोट्या आर्याला बोटाला धरून मी शेजारचं दार वाजवीन. दही दुकानात मिळत असलं तरी, फ्रिजमध्ये आधीच आणून ठेवलेलं असलं तरी. आणि तुझी नात मध्येच ओरडली, “आई, आपल्याकडे आहे की!” तर तिच्या दंडाला असा चिमटा काढीन, की तो तिला जन्मभर पुरेल.

तुझीच,
मनू