मावशींच्या दाराचं कुलूप

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. सुतारकाम सध्या एक दिवसाआड मिळतं, तेवढीच पाठीला विश्रांती. तुझा गुडघा काय म्हणतो? धाकटी शाळेला दांड्या मारत नाही ना?

आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाल्या मावशी राहतात. त्या दिवसभर दुकानात आणि खोलीच्या दाराला साधी कडीही नाही. मला कुठलं राहवतंय! परवा रिकामाच होतो, म्हणून न विचारता कडी ठोकली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन शाबासकीची वाट बघत बसलो.

मावशी आल्या आणि म्हणाल्या, "काढ आधी ते. आत जेवण झाकून ठेवलेलं असतं. ज्याच्या घरी चूल पेटली नाही, तो जेवून जातो. किल्ली मागायची वेळ आणलीस तर लोक उपाशी राहतील, पण यायचे नाहीत."

तेव्हा उमगलं, दुपारी वरच्या मजल्यावरची बाई लेकरांना घेऊन खाली आली आणि कुलूप बघून मुकाट्याने परत का गेली.

आई, मी थक्क झालो गं. मावशी तरी कुठे श्रीमंत आहेत? ज्याच्याकडे चार घास जास्त, तो तिथे ठेवून जातो. जेवणारा भांडी घासून जातो. सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक आहे, पण कुणी अवाक्षर काढत नाही.

कुलूप काढल्यावर मीही एकदा जाऊन आलो. काळजी करू नकोस, पोटभर जेवलो.

आपल्या मागच्या दाराला कडी बसवू का विचारलं, की तू दरवेळी "राहू दे रे" म्हणायचीस. आता नाही विचारणार.

तुझा,
थोरला