सुनेच्या दुधाचा दोष

सोमवार, ४ तारीख

तीन डॉक्टर झाले, एकालाही धड अक्कल नाही! पहिला म्हणे पोटात वायू. दुसरा म्हणे दात येताहेत — तीन महिन्यांच्या पोरीला! तिसऱ्यानं नुसतं वजन केलं. नात दोन घोट पिते, घामाघूम होते, किंचाळते, तोंड फिरवते. मी स्पष्ट सांगितलं, सुनेचं दूधच वाईट. सून पोरीला उचलून आत निघून गेली. निघून जायला काय लागतं?

मंगळवार, ५

अंगावरचं बंद केलं. बाटली आणली. बाटलीवरही तोच घाम! म्हटलं, आधीचं दूध अजून पोटात असेल. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता." आला बायकोचा वकील!

शुक्रवार, ८

सकाळी पिता पिता पोरगी पांढरीफटक पडली. मोठ्या हॉस्पिटलात पळालो. हृदय फुगलंय म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन नसा असतात. हिची डावी जन्मापासून भलत्याच नळीला जोडलेली — फुफ्फुसाकडे जाणाऱ्या. म्हणजे हृदयच उपाशी. "आजी, पिणं म्हणजे तिला जिना चढण्यासारखं. छातीत कळ येते, म्हणून रडते."

जन्मभर शिवणकाम केलं, एवढं कळलं. बाही भलतीकडे लागलीय. उसवून जागेवर लावायची. पण कापड लिंबाएवढं, तेही धडधडणारं!

मुलानं विचारलं, "दुधामुळं काही...?"

"दुधाचा काय संबंध?" बाई म्हणाल्या.

सुनेनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, ९

ऑपरेशन सोमवारी. वाचेल का विचारलं, तर म्हणे प्रयत्न करू. सुनेला चहा नेऊन दिला. घेतला नाही. बरोबर केलं.

रविवार, १०

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा कागद भरताना विचारलं, "घरात आधी कुणाचं तान्हं बाळ गेलंय का? सहसा हे घराण्यातून येत नाही, पण विचारावं लागतं." मुलगा म्हणाला, नाही. मी चष्मा पुसत बसले.

सोमवार, ११

गेलंय. माझं पहिलं. ह्या मुलाच्या आधीचा, ह्याला पत्ताही नाही. चार महिन्यांचा होता. पितानाच घामाघूम व्हायचा. सासूबाई म्हणाल्या, तुझं दूधच वाईट. बेचाळीस वर्षं मी ते खरं मानलं. तेच उचलून सुनेच्या पदरात टाकलं.

पोरीला आत नेण्याआधी बाई पुन्हा कागद घेऊन येतील, तेच विचारतील. मुलानं मध्ये तोंड घालायचं नाही. उत्तर मी देणार. आणि तेव्हा सून समोर पाहिजे.