आईच्या शेजारची जागा

अश्दोद (इस्राएल), ६ नोव्हेंबर १९९४

चि. तामार हिस अनेक आशीर्वाद. शालोम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून नकाशावरच्यासारखं, माया शोधावी लागते. तुझी डेबोराकाकू म्हणते, या पोरीला नवरा भेटायचा कसा?

खांबच्या डोंगरावरची आपली खाणवाडी ओस पडली, तरी मनातून जात नाही. आता तिथे खडीसाठी पुन्हा सुरुंग लागणार. ठेकेदार आपल्या इस्राएल लोकांचं कबरस्तान वगळायला तयार आहे, विश्वस्त म्हणून मी फक्त हद्द लिहून द्यायची, हे बरं झालं. मोजणी तू शिकलेली, नकाशा तूच कर. माझी आई, तुझी आजी, गेली तेव्हा मला येता आलं नाही. मरेन तेव्हा मला तिच्याच शेजारी ठेवा, एवढं बघ.

लोभ असाच राहो.
तुझा एझ्राकाका

रोहा, ११ डिसेंबर १९९४

ती. एझ्राकाकांस शालोम वि. वि.

मोजणी झाली. भिंती दोन आहेत. एक मूळ. दुसरी बाबांनी वाढवलेली, कारण हिंदूच्या घरात जन्मली म्हणून माझ्या आईला तुम्ही सर्वांनी आत जागा दिली नाही. वाढीव भागात दोन कबरी आहेत. एक आईची. दुसरी कोणाची ते विचारलंत तर कळवीन. माझं मागणं एवढंच, की हद्द वाढीव भिंतीवर धरावी.

काकूंना शालोम. लोभ असावा.
तामार

अश्दोद, १५ जानेवारी १९९५

चि. तामार हिस आशीर्वाद.

सही करून कागद पाठवला आहे. मूळ भिंतीच्या आतलं तेवढंच आपलं. तुझी आई गिरजा भली बाई होती, सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा आमच्या बायकांपेक्षा बरा करायची. पण हलवा केला म्हणून कोणी इस्राएल होत नाही. दुसरी कबर तुझ्या बाबांच्या, सायमनच्या सासुरवाडीचीच कोणाची असेल. त्यात मला पडायचं नाही. नियम तो नियम.

रागावू नकोस. माया ठेव.
एझ्राकाका

रोहा, १९ मार्च १९९५

ती. एझ्राकाकांस शालोम वि. वि.

हद्द आपल्या कागदाप्रमाणे मूळ भिंतीवर धरली. आतल्या एकाही कबरीला धक्का नाही. वाढीव भाग गेल्या आठवड्यात सुरुंगाने उडवला.

त्याआधी महिपतीमामा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट टाकून आला. त्याने बहिणीची हाडं काढली आणि कुंडलिका नदीत सोडली. तो हिंदू, तो ते करू शकत होता.

दुसरी कबर आजीची होती. तुम्ही देश सोडल्यावर तिचं सगळं माझ्या आईनेच केलं. आई आधी गेली. तेव्हा आजीने बाबांना सांगितलं होतं, "मना गिरजाच्या बाजूला ठेव रं."

आजीला मी हात लावला नाही. आपल्यात पुरलेलं माणूस उकरत नाहीत. आजी मला आवडायची, म्हणूनच "विचारलंत तर कळवीन" असं लिहिलं होतं.

तिथली खडी आता पेणच्या रस्त्यावर पडते आहे. तुमच्यासाठी आत पुष्कळ जागा आहे. कुठे हवी ते कळवा, खूण करून ठेवते.

लोभ असू द्यावा.
आपली, तामार