सत्तेचाळीस नंबर पुन्हा सुरू

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.४०
टेम्पो येऊन गेला. दादाची गाडी आपल्या गॅरेजमध्ये! मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायची शर्यतीची मोटरसायकल. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. बाजूच्या पाटीवर मात्र सत्तेचाळीस नंबर ठसठशीत. पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली होती.

वहिनी घर बंद करून लेकीकडे चालल्या आहेत, कायमच्या. एकतीस मार्चला निघणार. त्याच दिवशी जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ गाडी घेऊन जाणार. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तिचा आवाज ऐकायचाय म्हणाल्या. मी म्हटलं, त्यात काय एवढं वहिनी, आठ आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

अनुभव नाही, मान्य. पण तपासणी विभागात अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. माझ्या टेबलावरून एकही चूक पुढे गेलेली नाही. गाडी म्हणजे तरी शेवटी काय, नटबोल्ट लावलेला फॉर्म.

संकल्प: रोज एक तास. नट काढण्याआधी फोटो. चिडायचं नाही. इंजिन उत्तम स्थितीत आहे, त्याला हात लावायचा नाही.

दादा ह्याच गाडीवरून तिसऱ्या उडीला पडला होता. तेव्हापासून काठी. गेल्या वर्षी गेला तो मात्र हृदयाच्या दुखण्याने. पायाचा काही संबंध नाही. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं होतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ६.१५
किक खाली जात नाही. पंचवीस वर्षं उभी आहे, आखडणारच. मी पंचवीस मिनिटं खुर्चीत बसलो तर माझं तेच होतं. जोर लावला. गुडघा गेला.

गाडीबरोबर दादाचा पत्र्याचा डबा आलाय. पाने, गॉगल, जुने प्लग. टाकीचं झाकण टाकीवर नाही, डब्यात आहे, रुमालात बांधून. शेजारी तेलाची एक लिटरची बाटली. एरंडेलापासून केलेलं, शर्यतीचं. सील शाबूत.

अशा गाडीला तेल वेगळं घालत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर इंजिन आतून कोरडं पडून पळता पळता जाम होतं. शर्यतीच्या दिवशी ते मिसळण्याचं काम माझ्याकडे असायचं. हे माहिती म्हणून लिहून ठेवलं.

बाटली माळ्यावर टाकली. आत्ता तिची गरज नाही.

१० फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
गाडी खोलली, इंजिन सोडून. एकसष्ट नट निघाले. एकसष्ट फोटो काढले, त्यातल्या चव्वेचाळीसमध्ये माझा अंगठा आहे. नट पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. पिशव्या हिने फ्रीजसाठी आणलेल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. डिंक बेकार निघाला, चिठ्ठ्या गळून खाली पडल्या. हरकत नाही, माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

आत आलो तर बाटली जेवणाच्या टेबलावर. माझ्या ताटासमोर!

हिने काढून ठेवली. माळा तापतो, बाटली फुटली तर गाद्यांवर तेल, असं म्हणाली. बरोबर आहे तिचं. मी फक्त दचकलो, कारण टेबलावर तिथेच ती बघितल्यासारखी वाटली. असो.

१३ फेब्रुवारी, बुधवार. संध्या. ५.३०
एरंडेल जळल्याचा वास. ओळखू न येणं शक्यच नाही. गोडसर, घशात बसणारा. लहानपणी पोट साफ व्हायला पाजायचे तेच एरंडेल, पण जळालं की त्याला थेट ट्रॅकचा वास येतो.

टाकी रिकामी. इंजिन मेलेलं (तात्पुरतं). हिला विचारलं. नाही म्हणाली, आणि मला आधी आंघोळ करा म्हणाली.

निष्कर्ष: सीटच्या फोमला जुना वास धरून राहिलाय. सीट उन्हात ठेवली.

१७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
काल गॅरेजमध्ये पुन्हा तोच वास आला. सीट गच्चीवर होती.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मदतीला नाही, सदिच्छा भेट म्हणून. त्यांनी किकवर नुसता तळहात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा, आणि म्हणाले, पिस्टन धरलंय, आत जाम आहे, इंजिन उघडा. मी म्हटलं, गंज असेल, डिझेल ओतून ठेवू. ते म्हणाले, डिझेल ओता नाहीतर गुलाबपाणी ओता, उघडावं लागणार.

मग विचारलं, शेवटच्या वेळी काय झालं होतं? पडली, मी म्हटलं. त्यावर म्हणे, आधी पडली आणि मग थांबली, की आधी थांबली आणि मग पडली?

माणूस फार बोलतो. चहा गार होतोय असं सांगून विषय मिटवला.

२४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
रंगकाम! टाकी लाल, पाट्या पांढऱ्या. सत्तेचाळीस झाकून टाकला, आकडा नंतर नव्याने घालू. आरशासारखं काम झालंय. हिने डोकावून छान म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

त्या जोरावर बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. जुनं तेल ठेवू नये, शास्त्रीय कारण आहे.

संध्या. ६
बाटली ओट्यावर. हिने डब्यातून काढून, पुसून ठेवली. भरलेली बाटली कोण टाकतं, असं म्हणाली. सीलसुद्धा फोडलेलं नाही हो, असंही म्हणाली, आणि बाटली माझ्या नाकासमोर धरली.

बघितलं. दिसलं. मला चष्मा आहे, मी आंधळा नाही.

३ मार्च, रविवार. सकाळी १०
सत्तेचाळीस परत आला. पांढऱ्या रंगातून अलगद वर, आधी चाराची शेपूट, मग साताचं पोट. खाली प्रायमर लावायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी मुद्दाम नव्हतं लावलं. दुसरा हात दिला.

गॅरेजचा पत्रा संध्याकाळी निवताना वाजतो. टक, टक, मग जरा थांबून पुन्हा टक, टक. पत्र्याने असं लंगडत का वाजावं कळत नाही. उद्या स्क्रू आवळतो.

५ मार्च, मंगळवार. संध्या. ६.४०
स्क्रू आवळले. वाजतो. फक्त आता दाराच्या बाजूने वाजतो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून काम करतो ते हवेसाठी.

९ मार्च, शनिवार. दुपारी ३
हिच्याशी वाजलं. मला घरात सगळे ‘दोनदा’ म्हणून चिडवतात ते मला माहीत आहे. गॅस बंद केला का, दोनदा. कुलूप, दोनदा. ही म्हणाली, लग्न झाल्यापासून बघतेय, तुम्ही एवढं कशाला घाबरता? कोणी तरी सांगायला हवं होतं हिला की ह्याला घाबरणं म्हणत नाहीत, जबाबदारी म्हणतात.

सत्तेचाळीस पुन्हा दिसतोय. तिसरा हात.

१२ मार्च, मंगळवार. संध्या. ६
एकदा लिहून मोकळं होऊ, म्हणजे काम पुढे सरकेल.

त्या सकाळी दादाने सांगितलं, तेल मिसळून टाकी भर. तेवढ्यात आयोजकांचा माणूस प्रवेशाचा फॉर्म घेऊन आला. अक्षर माझं चांगलं, म्हणून मी भरला. दोनदा तपासला. एकही चूक नव्हती. मग घाईने टाकी भरली. तेल मी मिसळलं होतं. मिसळलंच होतं. मिसळलेली बाटली दुसरी असणार, शर्यतीला माणूस दोन बाटल्या नेतोच.

एकच नेली होती.

काय वाट्टेल ते लिहितोय. दिवसभर थिनर हुंगून डोकं चढलंय. उद्यापासून मास्क.

१७ मार्च, रविवार. दुपारी २
जोडणी पूर्ण. सात नट उरले. कंपन्या जास्तीचे देत असाव्यात.

वहिनींचा फोन. कसं चाललंय, भाऊजी? मी म्हटलं, नव्वद टक्के झालं. पुढे विचारलं, डबा उघडलात का? हो म्हटलं. मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाल्या, शनिवारी तीसला येते मी.

बाटली मिस्त्रींच्या दुकानात नेऊन दिली. घ्या, तुमच्या उपयोगी पडेल. सुटलो.

२४ मार्च, रविवार. सकाळी ११.३०
किक ढिम्म. डिझेल झालं, गरम पाणी झालं, लाकडी हातोडी झाली. गाडीशी गोडही बोलून बघितलं. वहिनींना काय सांगायचं ते ठरवलंय: हवामान.

मिस्त्री आपणहून आले. शनिवारी सकाळी येऊन इंजिन उघडतो म्हणाले, फी नको. जाताना पिशवीतून बाटली काढून सीटवर ठेवली. तेल गाडीबरोबरच राहू दे, असं म्हणाले.

बाहेर पत्रा वाजला. भर उन्हात पत्रा निवत नाही. मी सरळ आत येऊन बसलो आणि मला भीती वाटली. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२९ मार्च, शुक्रवार. सकाळी ७
उद्या सकाळी ऑफिसात महत्त्वाचं काम काढावं काय? शनिवारी ऑफिस बंद असतं. तरीही.

३० मार्च, शनिवार. दुपारी १.३०
मिस्त्री नऊला आले. मी चहा करायला आत गेलो. हिने केलेला तयार होता, तो ओतून दिला आणि परत केला. वेळ घालवण्यात मी कमी पडलो नाही.

कप घेऊन गेलो तर वहिनी आलेल्या, उलट्या खोक्यावर बसलेल्या. पिस्टन मिस्त्रींच्या तळहातावर होतं. उभे ओरखडे, कड वितळून ओघळलेली. ते फडक्याने पुसत कुणाकडेच न बघता म्हणाले, आत तेलाचा माग नाही, कोरडं ठणठणीत. आधी थांबली, मग पडली. आणि चहा घेऊन बाहेर गेले.

मी हवामानाचं सुरू केलं. दमटपणा वगैरे. वहिनी ऐकत होत्या. बाटली सीटवर होती. मग माझ्या तोंडून निघालं की वहिनी, त्या सकाळी तेल घालायचं माझ्याकडून राहिलं. एवढंसं वाक्य.

माहीत आहे भाऊजी, वहिनी म्हणाल्या.

दादालाही माहीत होतं. मैदानावरच कळलं होतं. स्ट्रेचरवर घालताना त्याने टाकीचं झाकण मागितलं म्हणे. वहिनींना वाटलं, डोक्याला मार लागलाय. त्याने झाकण हुंगलं. एरंडेलाचा वास नव्हता. झाकण वहिनींच्या रुमालात बांधून दिलं आणि सांगितलं, त्याला काही बोलू नकोस, तो आपणहून सांगेल.

पंचवीस वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे जात होतो. वहिनी म्हणाल्या, तुम्ही यायच्या आधी हे कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवायचे, तुमच्या कपासमोर. तुम्ही पेपर वाचायचात. तुम्ही गेलात की परत कपाटात.

मला ती बाटली आठवते. मला वाटायचं, गुडघ्याला चोळायचं तेल आहे.

रागावला होता का, असं मी विचारलं. वहिनींनी नीट विचार केला. पहिली दोन वर्षं फार, म्हणाल्या. मग नुसती वाट बघायचे. शेवटच्या रविवारीसुद्धा ठेवली होती, तुम्हाला उशीर होत होता म्हणून तुम्ही लवकर उठलात.

मी रडलो. ही दारात उभी होती, तिने पाहिलं. लपवायचा विचार केला होता, पण दोन्ही हातांत चहाचे कप होते.

मग मी म्हटलं, वहिनी, आवाज काही ऐकवता आला नाही, माफ करा. त्या म्हणाल्या, आवाज कसला डोंबलाचा, मला ती गाडी कधी आवडलीच नव्हती. कानठळ्या बसायच्या.

निघताना पाटीवरून हात फिरवला. रंग छान झालाय, म्हणाल्या. सत्तेचाळीस तेवढा दिसतोय.

३१ मार्च, रविवार. संध्या. ६.५०
वहिनी सकाळी गेल्या. स्टेशनवर सोडून आलो.

दुपारी तो गृहस्थ गाडी घेऊन गेला. गाडी, इंजिनाचे तुकडे दोन खोक्यांत, उरलेले नट एका पिशवीत. फार वर्षांनी इतकं वाईट रिस्टोरेशन बघतोय म्हणाला, आणि हसला. बाटलीही न्या म्हटलं. नको म्हणाला, तेल जुनं झालंय.

बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. हिला सांगितलं, राहू दे तिथेच.

ऊन उतरल्यावर गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलो. वास नाही. पत्रा निवला असेल, पण वाजला नाही. आत आलो. मग परत जाऊन बसलो.